सव्वीस दारांचा पूल

शेजारची काकू ओढ्यावर आली ती दोन्ही हात कमरेवर ठेवूनच. वर कमानीच्या माथ्यावर माझी आत्या पालथी पडून दगडांच्या सांध्यांत खिळा टोचत होती, चुना किती धरलाय ते बघायला.

"माझं दार दे," काकू खालून म्हणाली.

"देते की. परवा."

"परवा परवा करत एकोणीस दिवस गेले. काल माझं वासरू सैपाकघरात शिरलं आणि पिठाच्या डब्यात तोंड घालून बसलं. मी आत जाते तर समोर पांढरंफटक तोंड. पाय लटपटले."

"वासराचे?"

"माझे. तू वर आहेस म्हणून एवढं सुचतंय तुला. खाली ये, मग बघते."

"खाली आले तर काम कोण करेल? तूच ये वर. वारा छान सुटलाय."

मी कमानीखाली बसले होते. हसू दाबायला गेले आणि ते नाकातून आलं.

"आणि तू गं भोंग्या, दात काय काढतेस? हे सगळं तुझ्यामुळंच झालंय."

तसं ते थोडं खरं होतं.

भोंगा हे माझं गावातलं नाव. मी कानात बोलले तरी तीन घरं पलीकडं ऐकू जातं. आई मला पाळण्यातल्यापासून सांगत आलीय, हळू बोल. सातवीपर्यंत मी इतकी हळू बोलायला शिकले की बाई मला हजेरीत गैरहजर लावायच्या आणि मी समोर बसून ते बघायची. नववीत एक दिवस मला या सगळ्याचा कंटाळा आला आणि मी माझा आवाज परत घेतला. आता दहावीत आहे. मला जे सांगायचं असतं ते मोठ्यानं सांगण्यासारखंच असतं, असं माझं मत झालंय.

तर पुलाचं सांगते. आमचं गाव ओढ्याच्या अलीकडं. शाळा, दवाखाना आणि निम्मी शेतं पलीकडं. मधला लाकडी साकव दोन वर्षांपूर्वी पुरात गेला. तेव्हापासून आम्ही अकरा पोरंपोरी दप्तर डोक्यावर धरून ओढ्यातून शाळेला जायचो. पाणी मांडीला लागलं की सुट्टी. याची आधी मजा वाटली, मग परीक्षेत काय ते कळलं. कचेरीतले साहेब आले, फीत लावून मोजून गेले. जाताना त्यांचा एक बूट ओढ्यात वाहून गेला. "प्रस्ताव पाठवतो," असं ते एका पायावर उभं राहून म्हणाले. बूट खालच्या गावात सापडला. प्रस्ताव अजून सापडायचाय.

माझी आत्या विहिरी बांधते. बांधायची, असं म्हणायला हवं. आजोबांनी तिला लहानपणापासून बरोबर नेलं, त्यामुळं दगड बघितला की तो कुठं बसेल ते तिला आधीच दिसतं. पण बारा वर्षांपूर्वी तिनं काकूची विहीर बांधली आणि वीस फुटांवर वाहती वाळू लागली. वाहती वाळू म्हणजे पाण्यात बुडालेली वाळू. ती उभी राहतच नाही, पेजेसारखी पळते. बांधकामाच्या मागून ती हळूच निसटली आणि एका दुपारी अख्खी विहीर दमलेल्या माणसासारखी खाली बसली. आत कुणी नव्हतं म्हणून बरं. त्या दिवसापासून काकू आत्याला बसकी गवंडीण म्हणते. काकूच्या परसात अजून तो खड्डा आहे आणि त्यात काटेरी झुडपं आहेत. त्यानंतर आत्याला विहीर कुणी दिली नाही. बारा वर्षं तिनं लोकांचे ओटे आणि गटारांच्या भिंती नीट केल्या. तरी तिची थापी बघाल तर आरशासारखी. जेवतानासुद्धा ताटाशेजारी असते.

यंदा पाणी आटल्यावर एकदा ती आमच्या परसातल्या जुन्या विहिरीच्या काठावर बसली होती. मला म्हणाली, "हे बघ. चारी बाजूंनी माती ढकलते, म्हणून दगड एकमेकांना धरून बसलेत. कुणाला हलायला जागाच नाही. आता ही विहीर मधोमध उभी काप. त्यातली अर्धी उचल आणि ओढ्यावर पालथी घाल."

मी मनात विहीर कापली, उचलली, पालथी घातली. अंगावर काटा आला. तो पूल होता.

गावच्या बैठकीत तिनं ते बटाट्यांवर करून दाखवलं. आईच्या टोपलीतले सात बटाटे पाचरीसारखे कापले, दोन विटांच्या मध्ये त्यांची कमान लावली आणि वर किराणा दुकानातलं एक किलोचं माप ठेवलं. बटाटे हलले नाहीत. दुकानदारानं दोन किलोचं ठेवलं. तरी नाही. मग त्यानं पाच किलोचं उचललं तेव्हा आई म्हणाली, "बास, मला भाजी करायचीय त्यांची."

"आणि पडला तर?" काकूनं मागून विचारलं. "माझी विहीर पण अशीच छान दिसत होती."

आत्यानं पिशवीतून थापी काढली आणि मांडीवर ठेवली.

"पडला तर मी पुन्हा दगडाला हात लावणार नाही. ही तुझ्या हातात देईन, तूच ओढ्यात फेक."

मी आत्याच्या शेजारी होते. तिचा अंगठा थापीच्या मुठीवरून फिरत होता, झोपलेल्या बाळाच्या डोक्यावरून फिरवावा तसा. ती नुसतं बोलायचं म्हणून बोलत नव्हती.

आता कमान बांधायची तर तिच्या पोटाखाली आधी लाकडाचा सांगाडा लागतो. शेवटचा दगड बसेपर्यंत कमान म्हणजे नुसते हवेत लटकलेले दगड, त्यांना कुणीतरी मांडीवर घ्यायला हवं. सुतारकाकांनी जुन्या साकवाच्या तुळयांतून सांगाड्याचे वाकडे वासे केले. पण त्यांच्यावर पसरायला फळ्या कुठून आणणार? सुतारकाकांनी बैठकीत सगळ्यांकडं एकेक करून बघितलं, मग सगळ्यांच्या घरांकडं बघितलं आणि म्हणाले, "फळ्या तर आहेत. प्रत्येकाच्या घराला एक लावलेली आहे."

अशी सव्वीस घरांची सव्वीस दारं निघाली. रांगेत दोन-दोन, अशा तेरा रांगा. दार सरळ आणि कमान गोल, म्हणून दारांवर ओली माती थापून गोलाई आणली. प्रत्येक दारावर खडूनं घराचा आकडा लिहिला. काकूचं दार तिच्या सासऱ्यांनी स्वतः घडवलेलं, पितळी कडीचं. ते सोडताना तिनं ते पदरानं पुसलं आणि सुतारकाकांना सांगितलं की ओरखडा जरी आला तरी तुमचं रंधा मारणं मी बंद करीन. ते कसं करणार होती ते विचारायची कुणाची हिंमत झाली नाही.

आणि माझं काय, तर वाळू. सगळ्यांत अवघड काम होतं सांगाडा काढायचं. सुतारकाका म्हणाले, खांबांखाली पाचरी ठोकू आणि शेवटी घणानं उडवू. आत्याला ते पटेना. एका बाजूची पाचर आधी उडाली तर सांगाडा तिरका होईल, कमानीला हिसका बसेल आणि ओल्या कमानीला हिसका म्हणजे संपलंच. बैठक तिथं अडली. तेव्हा मी उभी राहिले आणि म्हणाले, "वाळू."

म्हणाले म्हणजे कसं, ते आता तुम्हाला माहीत आहे. ओसरीतली कबुतरं उडाली.

शाळेच्या कपाटात एक पूल बांधण्याचं पुस्तक आहे. त्याला पुढचं पान नाही आणि मागची चाळीसही नाहीत, त्यामुळं ते कुणी नेत नाही. मी ते चारदा नेलंय. त्यातून मला कळलं की माणसाचा पहिला पूल माणसानं बांधलाच नव्हता, तो वादळानं आडवा पाडला होता, झाड म्हणून. मग कुठल्याशा डोंगरांत लोक गवताच्या दोरांचे पूल विणायचे आणि दर वर्षी अख्खं गाव मिळून जुना टाकून नवा विणायचं. दोन हजार वर्षांपूर्वीच्या दगडी कमानी आहेत, काहींत चुन्याचा कणही नाही, आणि त्या अजून उभ्या आहेत. नुसत्या एकमेकांना रेटून. हे वाचून मला इतका आनंद झाला होता की मी भूगोलाच्या तासाला उगाचच हसत होते. आणि त्याच पुस्तकात होतं की सांगाड्याचे खांब वाळूच्या डब्यांत उभे करतात. डब्याला तळाशी भोक, भोकात खुंटी. कमान झाली की खुंट्या काढायच्या. वाळू हळूहळू बाहेर येते आणि सांगाडा पाळणा उतरवावा तसा खाली येतो.

आत्यानं माझ्याकडं बघितलं. दुसऱ्या दिवशी तिनं डांबराची रिकामी पिंपं कापून सहा डबे करायला टाकले आणि घरी येताना माझ्या डोक्यावर टपली मारली. आत्याकडून एवढं म्हणजे मिरवणूकच.

तर त्यानंतरचे दिवस आमचं गाव बिनदाराचं होतं. असे दिवस पुन्हा येणार नाहीत. कुणाकडं गेलं की वाजवायला काही नाही, म्हणून लोक उंबऱ्यात उभं राहून तोंडानं "टकटक" म्हणायचे. आतून "कोण आहे" असं विचारायचे, समोर दिसत असूनसुद्धा. भांडणं कुजबुजत व्हायला लागली. बाबांचं घोरणं शिंप्याच्या घरापर्यंत जातं हे शिंप्यानं येऊन सांगितलं, आणि शिंप्याची बायको त्याला 'राजा' म्हणते हे आम्ही त्याला सांगितलं. एका शेळीनं माझी विज्ञानाची वही खाल्ली. शाळेत खरं कारण सांगून कुणी विश्वास न ठेवण्याची ती माझी पहिलीच वेळ. काकूनं दाराच्या जागी चादर बांधली आणि बाहेर जाताना त्या चादरीच्या दोन टोकांना कुलूप लावायची. किल्ली कमरेला.

आत्यानं गावाला एकच काम लावलं होतं, दगडांवर दोन्ही वेळा पाणी मारायचं. चुना ओला राहिला तर पक्का होतो. घागरी घेऊन सगळे यायचे, कमानीवर पाणी शिंपडायचे, गप्पा मारायचे. डब्यांतली वाळू मात्र कोरडीठाक राहायला हवी, म्हणून मी प्रत्येक डब्याच्या तोंडाला मेणकापड बांधलं होतं आणि दर दोन दिवसांनी गाठी तपासत होते.

तो परवा उजाडला. सकाळी नऊला अख्खं गाव दोन्ही काठांवर. सहा डब्यांवर सहा माणसं. बाबा, आई, सुतारकाका, शिंपी, टपालवाले आणि चार नंबरवर काकू. तिचं दार बरोबर चार नंबरच्या वर होतं आणि ते दुसऱ्या कुणाच्या हातानं खाली येणार नाही असं तिनं जाहीर केलं होतं. आत्या बाजूला, कमानीच्या माथ्यापासून लोंबकळणाऱ्या ओळंब्याजवळ, कमान किती खाली येते ते बघायला. आणि मी ओढ्यातल्या मोठ्या दगडावर, कारण सहाही जणांना एकाच वेळी ऐकू जाईल असा आवाज गावात एकच होता.

"नीट ऐका," मी म्हणाले. "मी सोड म्हटलं की खुंटी काढायची. पाच मोजले की परत बसवायची. खांबावर खडूच्या खुणा आहेत, दर वेळी एक बोट खाली. कुणी मध्ये शहाणपणा करायचा नाही." शेवटचं वाक्य मी बाबांकडं बघून म्हणाले. बाबा "हो बाई" म्हणाले. हे मला आयुष्यभर पुरेल.

"सोड. एक. दोन. तीन."

वाळूचा आवाज इतका छान असतो. पाच ठिकाणी बारीक सळसळ, जशी कुणी नवी साडी उलगडावी.

"चार. पाच. बसवा. एक नंबर?"

"एक बोट," आई म्हणाली.

"दोन?"

"एक बोट."

"तीन?"

"एक बोट, जरा जास्तच," सुतारकाका म्हणाले.

"चार?"

काकू वाकून भोकात बघत होती.

"काकू, चार नंबर?"

"येत नाही."

"काय येत नाही?"

"वाळू. भोकातून नुसती माझ्याकडं बघतेय."

सुतारकाका सळई घेऊन धावले आणि भोकात खुपसली. सळई आत गेली, बाहेर आली. वाळूत उंदराच्या बिळासारखं भोक पडलं आणि तसंच राहिलं. एक कण पडला नाही. तेवढ्यात वरून आवाज आला. लाकूड कण्हल्यासारखा. पाच खांब एक बोट खाली आले होते आणि एक जागच्या जागी होता, म्हणजे तो कोपरा एकटाच सगळं तोलत होता. चार नंबरचा खांब मधोमध थोडा वाकला, मला स्पष्ट दिसला. कमानीतून चुन्याची बारीक भुकटी बाबांच्या केसांत पडली.

"कुणी हलू नका," आत्या म्हणाली. हळू आवाजात. तिचा हळू आवाज मला कधी आवडला नाही.

वाळू माझी होती. डबे माझे, मेणकापडं माझी, गाठी माझ्या. आणि थापी आत्याची होती.

आत्या वाकून चार नंबरपाशी गेली. भोकात बोट घातलं, चिमूटभर वाळू काढली, दोन बोटांत दाबली. तिची गोळी झाली.

"ओली आहे," ती म्हणाली. "पाऊस नाही, काही नाही. ओली कशी?"

तिनं वर बघितलं. मीही बघितलं. सगळी दारं उन्हानं फिकी पडली होती. एकच दार गडद होतं, चिंब, पितळी कडीवर पाण्याचा थेंब.

काकूनं घसा खाकरला.

"मी म्हटलं, दगडाला वरून पाणी मारताय, मग दारानं काय पाप केलंय? उन्हानं तडकलं असतं. सासऱ्यांच्या हातचं आहे ते. मी आपली खालून मारत होते. सकाळी एक घागर, संध्याकाळी एक."

"एकवीस दिवस?" सुतारकाका म्हणाले.

"बेचाळीस घागरी," मी म्हणाले. गुणाकार माझ्या तोंडून आपोआप निघाला आणि दोन्ही काठांना ऐकू गेला. पाणी दारावरून खांबावर, खांबावरून गाठीतून आत. गाठ बाहेरच्या पाण्यासाठी होती, खांबावरून उतरणाऱ्या पाण्याचा विचार मी केलाच नव्हता.

मला वाटलं, आता आत्या काकूला काय बोलेल ते बोलेल. बारा वर्षांचं साठलेलं असेल. पण आत्या चिमटीतल्या गोळीकडं बघत होती. मग तिनं ती तळहातावर ठेवली, ओढ्यात हात बुडवला आणि वर काढला. गोळी नव्हती. बोटांच्या फटींतून पाणी गळत होतं आणि त्याबरोबर वाळू.

आत्या हसली. खरं सांगते, त्या वाकलेल्या खांबाच्या शेजारी बसून हसली.

"भिजलेली वाळू उभी राहते," ती काकूला म्हणाली. "बुडालेली वाळू पळते. हे मला कुणी शिकवलं माहितीय? तुझ्या विहिरीनं."

"आता मला टोमणे मारायची वेळ आहे का ही?"

"नाही. पाणी आणायची वेळ आहे. बेचाळीस घागरी कमी पडल्या तुझ्या. आण अजून."

"अजून पाणी?"

"तू सुरू केलंस, तूच पूर्ण कर. डब्याच्या तोंडातून ओत. मेणकापड काढ आधी. बाकीच्यांनी खुंट्या दाबून धरा."

मग जे झालं ते बघायला हवं होतं. ओढ्यातून घागर भरायची, हातोहात पुढं द्यायची, काकूनं डब्यात ओतायची. पहिल्या घागरीला काही नाही. दुसरीला काही नाही. काकूचा पदर खांद्यावरून खाली आला, केस सुटले, आणि ती ओतत होती आणि वाळूला अशा शिव्या देत होती की त्या मला इथं लिहिता येणार नाहीत. तिसऱ्या घागरीला भोकातून तांबडा थेंब आला. मग धार. मग एकदम भस्सकन वाळू सुटली, काकूच्या पायांवर.

"पळाली, पळाली."

"बसव," मी ओरडले. "काकू, खुंटी बसवा."

काकूनं खुंटी बसवली. वर लाकूड एकदा कुरकुरलं आणि गप्प झालं. खांब पुन्हा सरळ. आत्यानं खूण बघितली.

"एक बोट," ती म्हणाली. "चल भोंग्या. पुढचं म्हण."

त्यानंतर पाच डबे कोरडे आणि एक ओला, असं आम्ही आठ वेळा केलं. चार नंबरला मी पाचाऐवजी दोनच मोजायची, कारण बुडालेली वाळू घाईत असते. सहाव्या वेळेला दारं आणि माती यांच्यामध्ये उजेडाची बारीक रेघ दिसली. दगड आता दारांवर नव्हते. दगड एकमेकांवर होते. ओळंब्याचं टोक अर्धं बोट खाली आलं, थांबलं, आणि मग आलंच नाही. आत्या त्या टोकाकडं इतका वेळ बघत राहिली की तिला पापण्या आहेत याचीच मला शंका आली.

आत्या थापी हातात धरून उभी होती.

तेवढ्यात वर टक टक टक असा आवाज झाला.

"माझं वासरू," काकू म्हणाली.

चादरीखालून निसटून आलेलं, तोंडाला पीठ लागलेलं, ते काकूच्या आवाजाच्या मागावर आलं होतं आणि नव्या पुलावर चढत होतं. माथ्यावर जाऊन ते थांबलं. इकडं बघितलं, तिकडं बघितलं, आपल्यामुळं एवढी माणसं जमली आहेत असा त्याचा समज झाला असावा. मग शेपूट उंच केली, जे करायचं ते पुलाच्या बरोबर मध्यावर केलं, आणि पलीकडं उतरलं.

हशा असा फुटला की पाच नंबरवरचे टपालवाले ओढ्यात बसले. बाबा डोक्यातली चुन्याची भुकटी झटकत नाचत होते. आईनं मला दगडावरून खाली ओढलं आणि कानात म्हणाली, "अजून मोठ्यानं मोजलं असतंस तरी चाललं असतं." मी ते तिच्याकडून पुन्हा एकदा म्हणवून घेतलं.

दुपारपर्यंत सगळी दारं घरोघरी गेली. संध्याकाळी सुतारकाका पंचवीस दारं बसवून आले आणि म्हणाले, सव्विसावं बसत नाही. बेचाळीस घागरी पाणी पिऊन काकूचं दार एवढं फुगलं होतं की चौकटीत शिरायलाच तयार नव्हतं. तासू म्हटलं तर काकू मध्ये आडवी झाली. सासऱ्यांच्या हातचं आहे, रंधा लावायचा नाही.

चार दिवसांनी काकू आमच्या घरी आली. दार उघडंच होतं, तरी तिनं कडी वाजवली. एकवीस दिवसांनंतर कडी वाजवायची सगळ्यांना हौसच लागली होती. आत्या जेवत होती, ताटाशेजारी थापी.

"मी म्हणत होते," काकू उंबऱ्याकडं बघत म्हणाली, "तो खड्डा नुसता पडलाय परसात. झुडपं वाढलीत. वासरू पडेल एखाद दिवशी."

"बुजवून टाक."

"बुजवायला तुझ्याकडं कशाला येईन?"

आत्याचा हात ताटातच थांबला. मी श्वास रोखला. माझा श्वास रोखलेलासुद्धा ऐकू येतो म्हणे.

"तिथं वाळू आहे," आत्या म्हणाली.

"मला काय सांगतेस? चांगलीच ओळख आहे आता."

"तेव्हा मी आधी खणलं आणि मग बांधलं. चुकलं ते. बारा वर्षं विचार केलाय त्यावर." आत्यानं ताट सरकवलं आणि थापीच्या टोकानं जमिनीवर एक गोल काढला. "आता जमिनीवर आधी बांधायचं. मग आतून खणत जायचं आणि बांधलेली विहीर आपल्याच वजनानं खाली उतरू द्यायची. हळूहळू, त्या दिवशीच्या सांगाड्यासारखी. वाळूला पळायला वेळच द्यायचा नाही."

"आणि खाली उतरताना दगड सुटणार नाहीत?"

"सगळ्यांत तळाला लाकडाचं गोल कडं असतं. त्यावर बांधायचं."

"कसलं लाकूड लागतं?"

आत्या माझ्याकडं बघेना. मला तेव्हाच कळायला हवं होतं.

"जुनं, टणक," ती म्हणाली. "आणि पाण्यात मुरलेलं. कोरडं घातलं तर ते खाली जाऊन फुगतं आणि दगड उचकटतं. आधीच फुगून बसलेलं असेल तर मग बघायलाच नको."

काकूनं मान वळवून आपल्या घराकडं बघितलं, जिथं ते दार चार दिवस भिंतीला टेकून उभं होतं. मग आत्याकडं. मग पुन्हा घराकडं. मग ती पाठ फिरवून तरातरा निघून गेली. आत्यानं खुशाल ताट पुढं ओढलं.

सकाळी मी दप्तर घेऊन निघाले तर काकू आमच्या अंगणात. डोक्यावर चुंबळ, चुंबळीवर आडवं दार, दोन्ही हातांनी धरलेलं.

"कुठं ठेवू?" तिनं विचारलं.

मी जागा दाखवली. दार खाली टेकवून तिनं ते पदरानं पुसलं, वरपासून खालपर्यंत. पितळी कडी दिसेना, तिच्या जागी चार भोकं होती.

"काकू, कडी?"

"काढून ठेवलीय," काकू म्हणाली. "चादरीला लावायला."

आणि ती आत्याला हाक मारत आत शिरली.